पॉइंट कुठे आहे?

मी घोरते हे आमच्या घरात बत्तीस वर्षं फक्त एकाच माणसाला माहीत होतं. मला ते कधी मान्यच नव्हतं.

हे वीज मंडळात होते. २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी सोसायटीत हे शेवटपर्यंत 'मंडळातले'च राहिले. कर्वेनगरात लाईट गेली की लोक आधी आमची बेल वाजवायला यायचे. लाईट नसताना बेल वाजत नाही हे लक्षात आलं, की मग दार बडवायचे. हे शांतपणे सांगायचे, "काम चालू आहे, येईल." गुरुवार असेल तर तेवढंही सांगायची गरज नसे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणार हे इथल्या माणसाला पंचांगासारखं पाठ असतं.

रात्री मी घोरायला लागले तर हे काही बोलत नसत. घोरणं थांबलं की मात्र खांद्याला धरून हलवायचे. मी चिडायचे. घोरत असताना उठवलं तर एक वेळ समजू शकते, गप्प झाल्यावर कशाला उठवायचं? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझं घोरणं चालतं गं. मधे थांबतेस, ते चालत नाही."

हे गेले आणि हलवणारं कोणी राहिलं नाही. सकाळी डोकं जड, पेपर वाचता वाचता डुलकी, कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला स्कूटरवर एकदा चक्क डोळा लागला आणि मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला. सगळे म्हणाले, धक्का बसलाय, वय झालंय, बीपी तपासा. मलाही ते पटलं. दुःखाच्या खात्यावर काहीही टाकता येतं. दोन वर्षांनी लेक सुट्टीत आली, माझ्याशेजारी झोपली आणि सकाळी तिने फोनवरचं रेकॉर्डिंग माझ्यापुढे ठेवलं. आधी घोरण्याचा करवतीसारखा आवाज. मग काहीच नाही. मग पाण्यात बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो तसा श्वास. मधलं 'काहीच नाही' तिने मोजलं होतं.

स्लीप स्टडीत आकडा आला तासाला ३८. म्हणजे दर तासाला अडतीस वेळा श्वास थांबला होता किंवा अर्धवट अडला होता. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या पुढे गेला की तीव्र. डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं, आणि तरीही बायकांचं निदान उशिरा होतं. कारण पुरुषाला त्याची बायको ओढत घेऊन येते आणि बायका स्वतः येतात त्या 'थकवा' म्हणून येतात. घोरते म्हणून आलेली बाई त्यांनी फार कमी पाहिली होती. मीही लेकीमुळेच आले होते.

मग मशिन आलं, सीपॅप म्हणतात ते. पोळीच्या डब्याएवढं, दीड मीटरची नळी, नाकावर मास्क. काम साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, ती हवेच्या दाबाने उघडी धरायची. मोडक्या हाताला फळी बांधतात, तशी घशाला हवेची फळी. माझा दाब नऊ. म्हणजे नऊ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी जेवढा दाब देईल तेवढा. आपल्या अंगावर हवेचा जो दाब सतत असतो त्याच्या एक टक्काही नाही. एवढ्याशाने माझी सकाळ परत आली याचा मला अजून अचंबा वाटतो. १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी पहिल्या रुग्णावर हे करून पाहिलं, तेव्हा त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. पुढच्या वर्षी त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या काळी मास्क नाकाला चक्क चिकटवून बसवत. म्हणून मास्कच्या पट्ट्यांबद्दल कुरकुर करायची वेळ आली की मी गप्प बसते.

मात्र या मशिनमध्ये बॅटरी नसते. लाईट आहे तोवर ते आहे. वळवाच्या पावसात कुठेतरी झाड पडून रात्री लाईट गेली की नाकावर नुसता रबराचा तुकडा उरतो आणि मी धडपडून उठते. पुढच्या गोष्टीसाठी एवढं लक्षात ठेवा.

जपानला जायचं ठरलं ते मैत्रिणीमुळे. एप्रिलचा पहिला आठवडा, साकुरा म्हणजे चेरीचा बहर, ग्रुप टूर. मग मैत्रिणीच्या गुडघ्याचं दुखणं निघालं आणि मी एकटी उरले. एकटीला वेगळी खोली घ्यायची तर वरचे पैसे भरायचे. ते भरायची माझी तयारी नव्हती, म्हणून ट्विन शेअरिंग. म्हणजे आठ रात्री एका अनोळखी बाईबरोबर.

पुढचे दोन महिने मी फक्त विजेचा अभ्यास केला. दुसऱ्या प्रश्नाचा करायला नको म्हणून केला, हे आता कळतं.

अडॅप्टर घ्यायला तपकीर गल्लीत गेले. ह्यांच्याबरोबर तिथे शंभर वेळा गेले असेन. हे एखाद्या होल्डरसाठी चार दुकानं फिरायचे आणि मी पासोड्या विठोबाशी जाऊन उभी राहायचे. दुकानदाराने विचारलं, "काय न्यायचंय तिकडे?"

"मशिन."

"कसलं?"

मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "वाफेचं."

"वाफेचं म्हणजे हीटर. जपानात शंभर व्होल्ट आहे काकू, हीटर तिथे कोमट पण होणार नाही. पैसे कशाला घालवता?"

शेवटी मी पिशवीतून मशिनचा काळा ठोकळा काढून काउंटरवर ठेवला. त्याने तो चष्मा वर करून वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, की हे वाफेचं नाही हे त्याला कळलं आहे, पण पुणेरी दुकानदार असल्यामुळे चौकशीत वेळ घालवणार नाही. "हे चालेल. इनपुट शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट, पन्नास-साठ हर्ट्झ दोन्ही. जगात कुठेही लावा, बाहेर चोवीस व्होल्टच देणार. आणि ही खूण दिसते? चौकोनात चौकोन. डबल इन्सुलेशन. याला अर्थिंग लागत नाही. तिकडे भिंतीत दोनच चिरा असतात, तरी काही बिघडत नाही." मग त्याने एक युनिव्हर्सल अडॅप्टर पुढे सरकवला. "हा फक्त पिनेचा आकार बदलतो. व्होल्टेज बदलत नाही. नंतर येऊन भांडू नका."

मी एकच अडॅप्टर घेतला.

विमानाचा प्रश्न वेगळा. भाचा म्हणाला, पॉवर बँक ने. मग घरी दोघं हिशेब करत बसलो. विमानात शंभर वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी बरोबर नेता येते, शंभर ते एकशे साठपर्यंतच्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीच्या परवानगीने, आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच. चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत. भाच्याने प्लगला लावायचा मीटर आणून मोजलं तर हवा दमट ठेवण्यासाठी पाणी गरम करणारा भाग बंद ठेवल्यावर माझं मशिन साधारण दहा वॅट खात होतं. तो चालू केला की काटा कितीतरी वर. म्हणजे नव्वद-पंचाण्णवच्या बॅटरीवर एक रात्र निघाली असती. पण त्याच्या पॉवर बँकेतून वीस व्होल्टच्या वर काही निघेना आणि माझ्या मशिनला हवेत चोवीस. खास या कामाची बॅटरी मिळते, तिची किंमत ऐकून मी ठरवलं की विमानात झोपायचंच नाही. सीटखाली प्लग असतो म्हणे, पण तो कधी बंद करतील याचा भरवसा नाही. श्वासासाठी अशा प्लगवर विसंबायची माझी छाती नव्हती.

मुंबई विमानतळावर सिक्युरिटीच्या जवानाने मशिन ट्रेमध्ये काढायला लावलं. "ये क्या है?" मी खणखणीत आवाजात म्हटलं, "साँस की मशीन है. नींद में मेरी साँस रुकती है." तो "अच्छा अच्छा" म्हणाला. डॉक्टरांचं पत्र दोन प्रतींत बरोबर होतं, ते त्याने मागितलंसुद्धा नाही. हिंदीत मला काहीच जड गेलं नाही.

मराठीत सांगायची वेळ टोकियोच्या हॉटेलात आली. माझ्या खोलीतल्या ताई कोल्हापूरच्या. निवृत्त शिक्षिका, माझ्याच वयाच्या, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. खोली एवढीशी की दोघींच्या बॅगा एका वेळी उघडता येईनात. आत शिरल्या शिरल्या मी विचारलं, "पॉइंट कुठे आहे?" त्यांनीही नेमकं त्याच क्षणी तेच विचारलं. मला मशिन लावायचं होतं आणि त्यांना किटली.

हॉटेलची किटली टेबलावर होतीच. पण ताईंचा तिच्यावर विश्वास नव्हता. "आपली माणसं तिच्यात मॅगी करत्यात. बाकीच्या देशांतली काय काय करत असतील!" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी घरून दीड लिटरची स्टीलची किटली आणली होती, चहा-साखर-सुंठ आणली होती, दुधाची पावडर आणली होती. अडॅप्टर आणला नव्हता. माझा दिला.

किटली तापेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताई झाकण उघडून बोट बुडवून बघत होत्या. मला मात्र तपकीर गल्लीतला 'कोमट' आठवला. पंधराशे वॅटची किटली २३० व्होल्टवर. व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की ताकद त्याच्या वर्गाच्या हिशेबाने खाली येते. शंभरावर जेमतेम २८५ वॅट. ह्यांनी असली गणितं मला भाजी निवडताना शिकवली होती, नको म्हटलं तरी. पुण्यात चार मिनिटांत उकळणारं एक लिटर पाणी इथे वीस मिनिटं घेणार. मी हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "घेऊ दे की. आपल्याला कुठं शाळेत जायचंय?"

चहा झाला, अडॅप्टर माझ्याकडे परत आला, मी मशिन लावलं. त्यांनी विचारलं, "हे काय हो?"

"ॲलर्जी आहे. रात्री वाफ घ्यावी लागते."

का असं बोलले? बाई घोरते हे एका बाईला सांगायचं नव्हतं. पुरुष घोरला तर तो घरातला विनोद होतो, लग्नाच्या जेवणात सांगायचा. बाईने घोरायचं नसतं. कमी जागेत, कमी आवाजात, सगळ्यांच्या नंतर झोपायचं असतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही, पण येतं. शिवाय लाईट बंद करून, त्यांची पाठ वळल्यावर मी मास्क लावत होते. सोंडेसारखी नळी असलेलं ते ध्यान ह्यांनी पाहिलं नाही, तर ताईंनी तरी का पाहावं?

टोकियोच्या तीन रात्री उत्तम गेल्या. मशिनला डिस्टिल्ड वॉटर लागतं. टूर मॅनेजरने औषधांच्या दुकानातून 'सेइसेइसुई'ची अर्धा लिटरची बाटली आणून दिली. इन्व्हर्टरच्या पाण्याचा कॅन सगळीकडे मिळतो, तसं हेही तिकडे सहज मिळतं. फक्त माझा हात रोज बटण शोधत भिंतीवर फिरायचा. आपल्याकडे प्रत्येक पॉइंटला बटण, तिथे नाही. प्लग खुपसला की चालू, उपसला की बंद. चालू-बंद करणारं बटण नसलेली वीज मला उघड्या नळासारखी वाटत राहिली.

हाकोनेला जुन्या पद्धतीच्या सरायीत, तातामीच्या चटयांवर गाद्या घालून झोपलो. मशिन जमिनीवरच, डोक्याच्या पातळीला. ते डोक्यापेक्षा खाली हवं, नाहीतर नळीत जमलेलं पाणी नाकाकडे येतं. मी दोन गाद्या एकावर एक घालून मागितल्या. ताई म्हणाल्या, "पुण्याची माणसं वरच झोपणार."

तिथून बुलेट ट्रेनने क्योटो. फुजी नदीवरचा पूल आला तसे सगळे खिडकीला चिकटले, फुजी पर्वत स्वच्छ दिसत होता. मीही फोटो काढले, पण माझं लक्ष नदीकडे होतं. जपानची वीज साधारण या नदीपाशी बदलते. पूर्वेला पन्नास हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, पश्चिमेला साठ. १८९५-९६ च्या सुमारास टोकियोने जनित्रं जर्मनीहून आणली आणि ओसाकाने अमेरिकेहून, आणि तेव्हा पडलेली फट आजतागायत बुजली नाही. २०११ च्या भूकंपानंतर टोकियोकडे वीज कमी पडली तेव्हा पश्चिमेकडे असलेली वीज हवी तेवढी पाठवता आली नाही, कारण पन्नास-साठची अदलाबदल करणाऱ्या केंद्रांची ताकद तेव्हा सुमारे एक हजार मेगावॅटच होती. हे असते तर त्या पुलावर पूर्ण डब्याला हे ऐकावं लागलं असतं. ते नव्हते म्हणून मी ताईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग किटली आता लवकर तापेल?" मी म्हटलं, नाही, व्होल्ट तेच आहेत. त्यांचा त्या माहितीतला रस तिथेच संपला.

क्योटोची दुसरी पहाट. फुशिमी इनारीच्या देवळात गर्दीच्या आधी पोचायचं म्हणून सव्वापाचला खाली जमायचं होतं.

कोणीतरी माझा खांदा धरून गदागदा हलवत होतं. मी झोपेत म्हणाले, "झोपू द्या हो." मग डोळे उघडले. हे नव्हते. ताई होत्या, केस मोकळे, चेहरा पांढरा पडलेला. मास्क माझ्या गळ्यात आला होता, मी झोपेतच ओढला असणार. मशिनचा हिरवा दिवा गेलेला. पहिला विचार आला तो असा: साठ हर्ट्झ!

मग टेबलाकडे पाहिलं. माझा अडॅप्टर भिंतीत होता आणि त्यात किटली होती.

"मला वाटलं, रात्रभरात चार्ज झालं असंल," ताई म्हणाल्या. "वाफेचं म्हणालात ना. म्हटलं, आता काय, सकाळ झालीच. चहा टाकला. तुम्ही घोराय लागला. म्हटलं घोरू दे, दमल्यात. मग गप्प झाला. मी किटलीकडं बघत बसले. मग लक्षात आलं, हे लईच वेळ गप्प हाय."

मी पलंगावर उठून बसले आणि सगळं सांगितलं. अडतीस, नऊ सेंटिमीटर, लेकीचं रेकॉर्डिंग, हे कसे हलवायचे ते. त्या ऐकत होत्या. किटलीत पाणी उकळायला लागलं होतं, तिकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. माझं झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगायचं की ओ. मी काय फळ्यावर लिहिणार होते?"

फळ्यावर लिहिलं नाही, पण फुशिमी इनारीच्या लाल कमानींखालून खाली येईपर्यंत ग्रुपमध्ये ते सगळ्यांना कळलेलं होतं. मला आधी राग आला. मग नाश्त्याच्या वेळी नागपूरचे एक काका ताट घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि मशिन केवढ्याला पडलं, आवाज किती येतो, असं विचारू लागले, 'मित्रासाठी'. दुपारी बसमध्ये एक वहिनी मागच्या सीटवरून पुढे वाकून म्हणाल्या, "ह्यांचं पण मधे थांबतं. मी जागीच असते." आणि संध्याकाळी अजून एक जण, ते तर डॉक्टरच निघाले. ते निघताना हळूच म्हणाले, "मी वापरत नाही, पण वापरायला हवं." मशिन त्यांच्या घरी कपाटात आहे.

त्या रात्री मी पाटी लिहिली. कागद शोधताना डॉक्टरांच्या पत्राची दुसरी प्रत सापडली, जी अख्ख्या प्रवासात कोणी मागितली नव्हती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने लिहिलं: 'हा प्लग काढू नये. हुकमावरून.' आणि अडॅप्टरच्या वर भिंतीला चिकटवली. ताई दात घासता घासता येऊन वाचून गेल्या. "कारण लिहीत न्हाईत व्हय तुमच्या पुण्यात?" मी म्हटलं, "पाटीवर कारण लिहिलं की लोक वाद घालतात."

मग मी मोठा दिवा चालू असतानाच मास्क लावला. त्यांनी नीट निरखून पाहिलं, पट्टी मागून वळली होती ती सरळ करून दिली आणि झोपल्या. थोड्या वेळाने त्या घोरायला लागल्या. एकसारखं, न थांबता. मी बराच वेळ ऐकत पडले होते.

पुण्यात परत आल्यावर बॅग उघडायला गुरुवार उजाडला. लाईट नव्हती, मशिन धुऊन नळी खिडकीत वाळत घातली. तळाशी अडॅप्टर सापडला, त्याला चिकटपट्टीने ती पाटी गुंडाळलेली. ओसाकाच्या शेवटच्या सकाळी सामान आवरताना मी ती काढलेली नव्हती, म्हणजे ताईंनीच काढली असणार. सोडवून पाहिली. 'हुकमावरून'च्या खाली, फळ्यावर लिहितात तसल्या गोल, सुट्या अक्षरांत एक ओळ वाढली होती:

'चहासाठीसुद्धा न्हाई.'